बांधाच्या आतली माती

झडपवाल्यांची थोरली लेक चिखलाची डॉक्टर झाली, असं खालच्या आळीत सगळे हसून सांगत, आणि सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही असे. तिचं काम होतंच तसं. खाडीकाठच्या दलदलीत पोलादी नळी खोल खुपसायची, मातीचा उभा गाभा सबंध बाहेर काढायचा, त्यातल्या बिया आणि काड्या वेचायच्या आणि त्या किती वर्षांपूर्वी मेल्या ते रेडिओकार्बननं काढायचं. कुठल्या थरापर्यंत गोड्या पाण्यातलं गवत होतं आणि कुठून पुढे खारा गाळ आला हे कळलं, की जुन्या काळी समुद्र कधी आणि किती वर चढला ते सांगता येतं. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती याच कामाचा पगार घेत होती.

झडपवाले म्हणजे तिचे बाबा. खालची आळी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती, आणि आळी नि खाडी यांच्यामध्ये एक जुना मातीचा बांध. बांधाला तीन लोखंडी झडपा. भरती लागली की झडपा बंद करायच्या, ओहोटी लागली की चाक फिरवून उघडायच्या, म्हणजे आळीत साचलेलं पाणी खाडीत निघून जाई. हे काम बाबांनी उभी हयात केलं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही ते मधेच ओहोटीला जाऊन आले होते, असं आई सांगायची. हे ती कौतुकानं सांगते की गाऱ्हाणं म्हणून, ते तिनं शेवटपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. ते निवृत्त झाल्यावर नगरपालिकेनं त्यांच्या जागी एक नवा माणूस दिला. तो आठवड्यातून दोनदा उगवायचा. त्यामुळे चाक काही बाबांच्या हातून सुटलं नाही.

बांध आता ठिकठिकाणी पाझरू लागला होता. मोठ्या भरतीला आळीच्या टोकाच्या घरांत ओल चढायची. बांध उंच करायचा की काय करायचं, हे ठरवण्याआधी इथला समुद्र आजवर कसा वागलाय ते बघावं, असं नगरपालिकेच्या इंजिनीअरला वाटलं आणि त्यानं प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. थोरलीनं ते काम मागूनच घेतलं. घरच्या घरी आठवडाभर राहायला मिळेल आणि वर कामही होईल, एवढाच तिचा हिशेब होता.

नळ्या वाहायला धाकटा होता. तो तिचा भाऊ, सुतार. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचं वर्कशॉप होतं आणि वरच्या मजल्यावर तो, बायको, छोटी मुलगी आणि बाबा राहत.

"ताई, यातून सोनं निघणार आहे का?" कमरेइतक्या गवतातून नळीचं टोक ओढत त्यानं विचारलं.

"निघालं तर अर्धं तुझं."

"आणि चिखल निघाला तर?"

"सगळा तुझा. धुवायचाही तूच."

बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, त्यांनी आधी गाभे काढले. वर राखाडी खारा गाळ, आणि त्याच्या खाली काळाकुट्ट, मऊ, तंतूतंतूंचा थर. दलदलीत शेकडो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं गवत आणि मुळं. त्याला पीट म्हणतात. बाहेरच्या बाजूला हा काळा थर पावणेदोन मीटर भरला. मग ते बांधाच्या आत आले आणि धाकट्याच्या वर्कशॉपच्या मागच्या परसात नळी घातली. तिथेही तोच राखाडी गाळ, तोच काळा थर. पण तो लवकर संपला. मीटरभरसुद्धा नव्हता. नळी तिरकी गेली असेल असं म्हणून थोरलीनं शेजारी आणखी दोनदा घातली. दोन्ही वेळा तेच.

संध्याकाळी बाबा टेबलाशी बसून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाभ्यांकडे बघत होते. "हे मेलं कधी ते कसं गं कळतं तुला?"

"झाडझुडूप जिवंत असतं तोवर हवेतला कार्बन घेत राहतं, बाबा. त्यात एक किरणोत्सारी जात असते, अगदी नावापुरती. मेलं की घेणं बंद. मग आत होतं ते ठरलेल्या गतीनं कमी होत जातं. किती उरलंय ते मोजायचं."

"म्हणजे डब्यात किती उरलंय ते बघून आपण वाण्याकडे शेवटचं कधी गेलो होतो ते सांगायचं."

"अगदी तसंच."

"बरंय. तुझ्या आईला हे जमायचं. यंत्राशिवाय." बाबा हसले आणि ओहोटीची वेळ झाली म्हणून उठले. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

प्रयोगशाळेत परतल्यावर थोरली नेहमीच्या कामाला लागली. काळ्या थराच्या अगदी वरच्या टोकाची आणि खाली ठरावीक अंतरावरची माती चाळणीत धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशनं लव्हाळ्याच्या बिया एकेक करून उचलायच्या, बाहेरचं काही चिकटलं असेल ते जावं म्हणून त्या आम्लात आणि आम्लारीत धुवायच्या, आणि मोजणीला पाठवायच्या. काही आठवड्यांनी आकडे आले. वरच्या टोकाचा आकडा सांगत होता: आजपासून अकराशे वर्षांपूर्वी, चाळीसेक वर्षं इकडे किंवा तिकडे, इथलं गोड्या पाण्याचं गवत मेलं होतं आणि समुद्र आत शिरला होता.

तिनं आलेख काढला. आडवं वय, उभी खोली. बाहेरच्या गाभ्यांचे ठिपके शिस्तीत एका वळणावर बसले. समुद्र कसा कसा चढत आला ते त्यात स्वच्छ दिसत होतं. परसातल्या गाभ्याचे ठिपके मात्र त्या रेषेच्या खाली पडले. वय तेच, पण जागा जवळजवळ मांडीइतकी खाली. एकाच दिवशी एकाच दलदलीत मेलेल्या दोन बिया, एक इथे आणि एक तिथे, एवढ्या उंचीच्या फरकानं कशा असतील?

उत्तर तिला सुचलं होतं, आणि ते तिला नको होतं.

चूक शोधायची म्हणून ती पुन्हा घरी गेली. पातळी मोजायचं यंत्र लावून बांधाच्या आतबाहेरच्या उंच्या नव्यानं घेतल्या. धाकटा मोजपट्टी धरून उभा होता. त्याला संशय आलाच.

"काय गडबड आहे?"

तिनं सांगितलं. काळा थर म्हणजे ओला स्पंज. भिजलेला असतो तोवर टिकतो. पाणी काढून घेतलं की बसतो, आणि हवा लागली की आतल्या आत कुजून हवेत निघून जातो. बांध घातल्यापासून आतलं पाणी रोज काढलं गेलं. त्यामुळे बाहेरची जमीन होती तिथे राहिली आणि आतली खाली गेली.

धाकट्यानं मोजपट्टी गुंडाळली. "दोन वेगळे थर असतील. काळं ते सगळं एकच असतं का?"

"तसंच निघावं असं मलाही वाटतंय," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून होतं.

तिनं परसातून नवे गाभे काढले, नव्या बिया वेचल्या, या वेळी सहकारी बाईला वेचायला लावल्या, म्हणजे आपल्या हाताचा दोष नको. आकडे आले. अकराशे वर्षं, चाळीस इकडे किंवा तिकडे. थर एकच होता.

धाकट्याला तिनं फोनवर सांगितलं. मागे करवतीचा आवाज चालू होता, तो थांबला.

"ताई, समुद्र चढतोय असं लिही ना. ते खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण अर्धंच आहे."

"अर्धं पुरतं गं आम्हाला. समुद्र चढतोय म्हटलं तर बांध उंच करतात. जमीन बसतेय म्हटलं तर म्हणणार, कितीही उंच करा, आतून खालीच जाणार, कशाला करा? बरोबर की नाही?"

"बरोबर."

"मग आळी उठवणार. आणि बाबांचं काय? त्यांना काय सांगणार तू? तुम्ही जन्मभर चाक फिरवून आपलंच घर खाली ढकललंत म्हणून?"

"असं नाही सांगणार."

"कसंही सांग. त्याचा अर्थ तोच."

तिनं फोन ठेवला आणि दोन दिवस अहवाल उघडलाच नाही. वाक्य बदलून बघितलं, मऊ करून बघितलं. 'जमिनीच्या पातळीत काही प्रमाणात बदल' असं लिहिलं आणि वाचून स्वतःचीच तिला किळस आली. छोटी त्या खालच्या मजल्यावर भुशात खेळते, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. शेवटी जे दिसलं ते तिनं लिहिलं, आणि अहवाल नगरपालिकेकडे जायच्या आधी बाबांना समोर बसून सांगायचं ठरवलं.

रविवारी ती गेली. धाकटा खाली कामात होता, वर आलाच नाही. भावजयीनं चहा ठेवला आणि ती आत गेली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पाणी काढलं म्हणून जमीन बसली."

"हो. पण ते कोणालाच माहीत नव्हतं, बाबा. ऑफिसचा हुकूम होता. तुम्ही नसतात तर दुसऱ्या कोणी काढलं असतं."

"पण काढलं मी."

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"बरं," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "गाडी कितीची आहे तुझी?"

बाबांनी शांतपणे घेतलं, असं तिला वाटलं. गाडीत बसल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःच्या त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटत राहिली.

पंधरवड्यानं धाकट्याचा फोन आला. पाऊस लागून राहिला होता आणि आळीत पाणी भरलं होतं. पंप लावला तरी हटत नव्हतं.

"झडपा बंद आहेत. तिन्ही. चाक फिरवायची दांडी काढून घेऊन बाबा बांधावर जाऊन बसलेत. देत नाहीत. मी हात जोडले, ओरडलो, सगळं केलं. आता तू ये. तुझ्यानंच हे झालंय, तूच ये."

ती दुपारी पोचली. आळीत घोट्याच्या वर गढूळ पाणी होतं. लोक गाद्या, पेट्या वरच्या मजल्यांवर चढवत होते. तिला बघून कोणी नेहमीसारखं हसलं नाही. वर्कशॉपच्या दारात भावजय पदर खोचून झाडूनं पाणी बाहेर लोटत होती, आणि ते तितकंच परत आत येत होतं. एका शाळेसाठी केलेली कपाटं भिंतीशी ओळीनं उभी होती. त्यांचे तळ भिजून फुगले होते आणि प्लायवूडचे पदर सुटले होते.

"पोराचं सगळं काम गेलं," भावजय म्हणाली. ती रागावली की नवऱ्याला पोर म्हणायची. "तुम्ही सांगून गेलात, ताई. राहिलो आम्ही. रोज त्यांच्यासमोर आम्ही बसलो. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, भूक नाही. अंगणात वाकून माती हातात घेऊन बघायचे. मी तेव्हाच तुम्हाला फोन करणार होते."

"मग केला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही कराल."

थोरलीनं चपला हातात घेतल्या आणि बांधाकडे चालू लागली.

बाबा मधल्या झडपेच्या कठड्यावर बसले होते. अंगात जुना रेनकोट, मांडीवर ती लोखंडी दांडी. खाडीच्या बाजूला ओहोटी पुरती लागली होती, चिखल उघडा पडला होता. पाणी जायची हीच वेळ होती, आणि आतलं पाणी बांधाला टेकून तसंच उभं होतं. ती शेजारी बसली.

"आलीस?"

"बाबा, दांडी द्या."

"थांब जरा. अजून भिजू दे." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "तूच म्हणालीस ना, पाणी काढलं म्हणून बसली. मग ठेवलं तर उठेल. मी बघितलंय, धाकट्याच्या फळ्या भिजल्या की कशा फुगतात. लाकूड फुगतं, तर माती का नाही फुगणार? तीसुद्धा गवताचीच आहे म्हणतेस तू. थोडे दिवस लागतील. लोकांना धीर नाही."

त्या रविवारी ती आणखी तासभर बसली असती, गाडी सोडली असती, तर हे तेव्हाच विचारलं गेलं असतं.

"नाही फुगत, बाबा."

"अगं पण..."

"ओलं असतं तोवरच ते तसं असतं. एकदा वाळलं की परत पाणी धरत नाही. आणि जेवढं हवा लागून कुजलं तेवढं राहिलेलंच नाही आता. हवेत गेलं. जे हवेत गेलं ते पाणी घालून कसं परत येईल?"

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही."

बाबांनी दांडीवरून अंगठा फिरवला. "मग कशानं येईल वर?"

"गाळानं. भरतीबरोबर खाडीतून गाळ येतो, तो बसला की जमीन चढते. बाहेर तसंच झालंय. पण त्याला झडपा कायमच्या उघड्या ठेवाव्या लागतील. समुद्र आत घ्यावा लागेल."

"आणि घरं?"

"घरं नाही राहायची."

"किती वर्षं लागतील?"

"साठ. ऐंशी. तुमची नात म्हातारी होईल."

ते आळीकडे वळले. कोणीतरी खिडकीतून ओरडून काहीतरी म्हणालं. शब्द कळले नाहीत, सूर कळला.

"मी ते पाणी काढलं नसतं," बाबा हळूच म्हणाले, "तर तुम्ही दोघं तापानं फणफणला असतात. तेव्हा इथे डास किती होते, तुला आठवत नाही. तुझी आई म्हणायची, एक दिवस तरी जमीन कोरडी दाखवा. मी दाखवली. म्हणून मला बरं वाटायचं गं. रोज. चाक फिरवलं की बरं वाटायचं."

"मला माहीत आहे."

"तुला नाही माहीत," ते म्हणाले. रागावून नाही, नुसतंच. मग दांडी तिच्या हातात दिली. "घे. मला नाही फिरवता येणार आता. हातच चालत नाही."

चाक जड होतं. तिनं दोन्ही पाय रोवून जोर लावला, तरी ते जेमतेम वीतभर हललं. मागून धाकटा पाण्यातून चालत आला होता. त्यानं दांडीची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून झडप उघडली. पाणी दडदडत खाडीत गेलं. नंतरच्या दोन झडपांशीही तो असाच आला, आणि तिसरी उघडल्यावर तिच्याकडे न बघता बाबांना हाताला धरून घरी घेऊन गेला.

त्यानंतरच्या महिन्यात शाळेच्या सभागृहात बैठक झाली. इंजिनीअरनं पडद्यावर तिचाच आलेख लावला आणि समजावून सांगितलं: आतली जमीन अजून बसतच राहणार, बाहेरचं पाणी चढतच राहणार, दोन्ही एकमेकांपासून लांब लांब जाणार. बांध उंच केला तर फुटेल तेव्हा जास्त उंचावरून फुटेल. त्यापेक्षा आळी वरच्या बाजूला हलवायची, मागे नवा बांध घालायचा आणि जुन्या झडपा कायमच्या उघडायच्या.

सभागृहात एकच गलका झाला. मागच्या रांगेतून आळीतला एक म्हातारा उठून उभा राहिला. त्याच्या घरात त्या पावसात तीन दिवस पाणी होतं.

"एवढं लांबलचक कशाला सांगता? सरळ सांगा ना, झडपवाल्यानं आळी बुडवली. एकदा काढून काढून बुडवली, एकदा कोंडून बुडवली."

काही जण हसले. बाबा दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी मान वळवली नाही. इंजिनीअर घाईघाईनं म्हणाला, की हे काम नगरपालिकेच्या आदेशानंच झालं, एका माणसाचा यात दोष नाही. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

थोरली उठायच्या आत धाकटा उठला.

"काका, तुमच्या पोरीच्या लग्नात मांडव कोरड्या जमिनीवर पडला होता ना? त्या पहाटे पाऊस कोसळत होता आणि हा माणूस बांधावर उभा होता. इतकी वर्षं तुमचे पाय कोणी कोरडे ठेवले? तेव्हा कोणी विचारलं होतं का, पाणी जातंय ते सोबत काय घेऊन जातंय? तुम्ही विचारलं? मी विचारलं?" तो थांबला. मग बोट करून म्हणाला, "हिनं विचारलं. पण तेसुद्धा आत्ता."

तो खाली बसला. त्यानं कोणाला वाचवलं आणि कोणाला ओरबाडलं, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं.

ठराव झाला. वर्ष सरायच्या आत खालची आळी रिकामी झाली. नव्या बांधाच्या मागे तीन मजली इमारती उभ्या राहिल्या. धाकट्याला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आणि वर्कशॉपसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याची जागा शोधावी लागली. झडपा उघडायच्या दिवशी इंजिनीअरनं गाडी पाठवली होती; शेवटचं चाक तुमच्या हातून फिरू दे, असा त्याचा चांगला हेतू होता. बाबांनी गाडी परत पाठवली.

थोरली दर महिन्याला येऊ लागली. येताना ती मुद्दाम परतीचं तिकीट काढत नसे. बाबा तिच्याशी बोलत, छोटीचा अभ्यास दाखवत, तब्येतीच्या गोळ्या वेळेवर घेत. नव्या घराच्या खिडकीतून दूरवर खाडी दिसत होती, आणि जुन्या आळीच्या जागी आता भरतीला पाणी चकाकायचं. बाबा त्या खिडकीशी बसत नसत. एकदा भावजयीनं सहज विचारलं, आज ओहोटी किती वाजता हो, छोटीला काठावर घेऊन जायचंय. बाबा म्हणाले, "मला काय माहीत." भावजयीनं हे थोरलीला स्वयंपाकघरात सांगितलं, आवाज खाली आणून, एखादा आजार सांगावा तसं.

धाकटा मात्र ती आली की काहीतरी काम काढून बाहेर जाई. भांडण नव्हतं. चहा घेतलास का, जेवलीस का, एवढं विचारायचा.

एका भेटीत ती निघाली तेव्हा तो जिन्यातच भेटला. खांद्यावर लांब फळी होती, वर चढत होता. ती भिंतीला टेकून वाट देत उभी राहिली. तो दोन पायऱ्या वर गेला, थांबला, फळी खाली टेकवली.

"एक खरं सांग. तू अर्धंच लिहिलं असतंस, त्यांनी बांध उंच केला असता, तर किती वर्षं मिळाली असती आम्हाला?"

तो प्रश्न तिनं स्वतःला इतक्यांदा विचारला होता, की उत्तर तयार होतं. ते तयार असल्याचंच तिला वाईट वाटलं.

"पंधरा असती. कदाचित वीस. किंवा पहिल्याच सालच्या एखाद्या मोठ्या भरतीला सगळं गेलं असतं. कुठलं झालं असतं ते मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही."

"वीस असती," तो हळूहळू म्हणाला, "तर छोटी शिकून नोकरीला लागली असती. बाबा तिथेच, त्यांच्या खोलीत गेले असते. काही कळायच्या आत. झडपवाले म्हणून."

"हो."

"हे लिहिताना तुझ्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं."

त्यानं मान हलवली. तिला वाटलं, आता तो ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल. तो ओरडला नाही. त्यानं फळी पुन्हा खांद्यावर घेतली, तिचं टोक थोरलीला लागू नये म्हणून नीट वळवून घेतली आणि वर चढत गेला. वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. मग धाकट्याला बघून छोटीचा, बाबा आले म्हणून. थोरली जिन्यात तशीच उभी राहिली. खाली जावं की परत वर जावं, हे तिला ठरवता येईना.